एकतिसांतलं अस्वल

ताईने सत्तावीस वर्षं पगार घेतला तो बोटांचा. शर्टांच्या कारखान्यात ती तपासणीच्या टेबलावर बसायची आणि समोरून सरकणाऱ्या प्रत्येक कॉलरवरून, काजावरून, बटणाखालच्या गाठीवरून तिच्या उजव्या हाताची तीन बोटं फिरायची. डोळे रिकामेच असायचे. त्या डोळ्यांनी तिने शेजारणींचे रुसवे पाहिले, सुपरवायझरचे नखरे पाहिले, कोण डबा वाटून खातं आणि कोण झाकण आड धरून खातं तेही पाहिलं. पण सुटलेला टाका कधी पाहिला नाही. टाका बोटांना लागायचा. कारखाना बंद पडला तेव्हा प्रत्येकाच्या हातात काही ना काही पडलं. ताईला तिची बोटं परत मिळाली, आणि त्यांचं आता करायचं काय, हे तिला कळेना.

धाकट्या भावाचं खेळण्यांचं दुकान होतं. ‘ये की, काउंटरमागे नुसती बस,’ तो म्हणाला. नुसतं बसणं हे ताईला कधी जमलं नव्हतं. आली त्याच आठवड्यात ती काउंटरवरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या पुड्या नीट लावत होती. जोडायचे ठोकळे बनवणाऱ्या कंपनीने काढलेल्या, अंगठ्याएवढ्या बाहुल्यांच्या त्या चंदेरी पुड्या. जुन्या काळ्यापांढऱ्या कार्टूनमधली बारा जनावरं: तुतारीवाला कोल्हा, पर्सवाली हंसीण, कात्री घेतलेला साळिंदर न्हावी, टबासकट पाणघोडा, टपालाची पिशवी लावलेला करकोचा, उशी कवटाळलेलं अस्वल, असे सगळे. कंपनी पुडीवर बाराही चित्रं छापते आणि आत कोण आहे ते मात्र सांगत नाही. आत डोकं, धड, पाय, शेपूट सुटं असतं. घरी नेऊन जोडायचं. कोण निघेल ते ज्याचं त्याचं नशीब.

‘हा कोल्हा,’ ताई एक पुडी बाजूला ठेवत म्हणाली.

‘तुला काय स्वप्न पडलं?’ भाऊ हसला.

‘स्वप्न कशाला? तुतारी लागतेय ना इथे, कोपऱ्यात. आणि ही तुमची हंसीण. पर्सचा बंद बघ कसा चंद्रकोरीसारखा आहे.’

भावाने दोन्ही पुड्या फोडल्या. मग तिसरी फोडली. चौथीला त्याचं हसू थांबलं आणि धंदा सुरू झाला. पुड्या विकणाऱ्या माणसाला पुडी कशी सोडावी हे शिकवावं लागत नाही. आठ दिवसांत गावभर झालं, की अमुक दुकानात एक बाई आहेत, त्या वरून चाचपून आतलं जनावर सांगतात.

तेव्हापासून दर गुरुवारी नवा खोका आला, की संध्याकाळी जमवणारी मंडळी हजर. जमवणारी म्हणजे चांगली मोठी माणसं. पोरं बिचारी मिळेल ते घेऊन खेळतात, मोठ्यांनाच बाराच्या बारा हवी असतात. त्यांत सगळ्यांत पुढे दातांचे डॉक्टर. लोकांच्या तोंडात तीस वर्षं अंधारात चाचपडलेला माणूस, पण पुडी हातात घेतली की आंधळा.

‘ताई, करकोचा नक्की ना? मागच्या वेळी आमच्या नशिबी पाणघोडा आला होता.’

‘आला नव्हता डॉक्टर, तुम्ही माझं न ऐकता आपल्या हाताने उचलला होतात. दुसऱ्याचा दात काढताना विचारता का पेशंटला, कुठला काढू म्हणून?’

डॉक्टर खूश होऊन पुड्या घेऊन जात. आणखी चारपाच जण आपापला वाटा नेत. खोक्यात छत्तीस पुड्या असायच्या. त्यात करकोचा एकच, अस्वलं मात्र सहा. अस्वल कोणाला नको असायचं. चट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घातलेलं, डोळे मिटलेलं, पोटाशी उशी. एकदा घेतलं की पुरे. त्यामुळे जाणकारांची पंगत उठली, की खोक्याच्या तळाशी उरायची ती मुख्यतः अस्वलं, आणि एखाददुसरा पाणघोडा. ती मग ज्यांना ताईच्या बोटांची माहिती नसे किंवा मदत नको असे, अशा नशीबवाल्यांसाठी.

नशीबवाल्यांत एक होती शनिवारबाई. हे नाव भावाने ठेवलेलं. समोरच्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती रक्त काढायची, आणि शनिवारी दुपारी सुटली की रस्ता ओलांडून दुकानात यायची. पस्तिशीची, उंच, हाताला साबणाचा वास. तिला ताईची कीर्ती ठाऊक होती. म्हणूनच पहिल्या दिवशी ताईने सवयीने खोक्याकडे हात नेला, तेव्हा ती ओरडलीच.

‘हात लावायचा नाही हं, ताई! मला माझं नशीब काढायचंय, तुमचं नाही.’

मग डोळे गच्च मिटायचे, खोक्यात हात घालायचा, दोनचार पुड्या खालीवर करायच्या आणि एक उचलायची. काउंटरवरच फोडायची. अस्वल. पुढच्या शनिवारी अस्वल. त्याच्या पुढच्या शनिवारीही, उशीसकट, अस्वल. सातव्याला भाऊसुद्धा कळवळला.

‘मॅडम, बदलून देऊ का?’

‘राहू द्या हो. ज्याचं त्याचं असतं. माझ्या कपाळी झोपा काढणारं जनावरच लिहिलंय.’

ती हसून म्हणायची, पण हसण्याचे प्रकार ताई ओळखून होती. कारखान्यात नवऱ्याचा मार हसून सांगणाऱ्या बायका तिने पाहिल्या होत्या. हे हसू तितकं वाईट नव्हतं. पण रिकामंही नव्हतं. आणि आत एक टोचणी होती ती वेगळीच. खोक्यात अस्वलंच उरतात ती काही आभाळातून पडत नाहीत. चांगली चांगली जनावरं वेचून डॉक्टरांच्या पिशवीत घालणारी बोटं कोणाची? ही बाई जिला आपलं नशीब म्हणतेय, ते ताईने गुरुवारी संध्याकाळीच चाचपून ठेवलेलं असतं.

नववं अस्वल निघालं त्या दिवशी ती लगेच गेली नाही. अस्वल जोडून काउंटरवर उभं केलं आणि त्याच्याशी बोलावं तशी बोलली.

‘ताई, मला मोठ्या हॉस्पिटलमधून पत्र आलंय. दूरच्या शहरातून. लॅबची मुख्य म्हणून बोलावतायत. सोमवार सोडून पुढच्या सोमवारच्या आत हो की नाही ते कळवायचंय.’

‘मग? तोंड गोड करायचं सोडून अशी काय उभी तू?’

‘मी ठरवलंय. पुढच्या शनिवारी पुडी काढायची. अस्वल सोडून काहीही निघालं, तर जायचं. अस्वल निघालं, तर जिथे आहे तिथे लोळत पडायचं.’

भाऊ हिशेबाची वही बाजूला सारून पुढे आला. ‘अहो मॅडम, असं कुठं असतंय होय? एवढी मोठी नोकरी, आणि पुडीवर?’

‘मग कशावर ठरवू? घरी विचारावं तर आई म्हणते तुझं तू बघ. भाऊ म्हणतो तुझं तू बघ. लॅबचे साहेब म्हणतात तुमचं तुम्ही बघा. अडवणारं कोणी असतं ना, तर त्याच्या नाकावर टिच्चून कधीच गेले असते.’

ती गेली. भाऊ म्हणाला, ‘शिकलेली माणसं अशी वेडी कशी होतात?’ ताईच्या डोक्यात साधी गोष्ट फिरत होती: पुढच्या शनिवारी खोक्यात काय असेल, हे ठरवणारी आपण. आपण डॉक्टरांना नेहमीसारखी निवड करून दिली, तर ही बाई जन्मभर समोरच्या लॅबमध्ये बसेल, आणि तिला वाटेल देवाची मर्जी. देवाच्या खुर्चीत बसायची ताईची हौस नव्हती. पण बसलोच आहोत, तर निदान नीट बसावं.

गुरुवारी नवा खोका आला. पाचला डॉक्टर आले.

‘खोका यायचाय अजून,’ ताई त्यांच्याकडे न बघता म्हणाली.

डॉक्टर हिरमुसून गेल्यावर भाऊ मागून आला. ‘ताई! अगं खोका तर तुझ्या पायापाशी आहे. गिऱ्हाइकाशी खोटं?’

‘खोटं कुठे? उघडला नाही तोवर आला कसा म्हणायचा?’

‘हे बरंय. उद्या मी पण म्हणतो, दुकान उघडलं नाही तोवर सकाळ झाली नाही.’

शुक्रवारी दुपारी, दुकानात शांतता असताना, ताईने खोका उघडला आणि छत्तीसच्या छत्तीस पुड्या चाचपल्या. अस्वल ओळखायला सगळ्यांत सोपं. उशी. तिचे चार कोपरे गोल, मध्ये खळगा. अंगठा त्यात बरोबर बसतो. सहा अस्वलं तिने बाजूला काढली. आता खोक्यात तीस राहिल्या, त्यांत अस्वल एक नाही. बाई काहीही उचलो, तिला जायलाच लागणार.

इथवर झालं, आणि ताईचा हात अडला. ही तर सरळ फसवणूक झाली. डॉक्टरांना निवडून देणं वेगळं. आपण निवडून घेतोय हे त्यांना ठाऊक असतं. हिला मात्र नशीब काढते म्हणून वाटणार आणि खोक्यात नशीब म्हणून काही नसणार. ताई बराच वेळ सहा अस्वलांकडे बघत बसली. शेवटी एक उचलून तिने तिसांत परत सोडलं आणि खोका चांगला हलवला. झाली एकतीस. एक वाईट, तीस चांगली. आता याला जुगार म्हणता आलं असतं. आपल्या मनाची अशी समजूत घालण्यात ताई कोणाला हार जायची नाही. उरलेली पाच ड्रॉवरमध्ये गेली.

शनिवारी शनिवारबाई नेहमीपेक्षा उशिरा आली. केस नीट विंचरलेले, खांद्याला पर्स, पर्समधून पत्राचा कोपरा डोकावत. भावाला म्हणाली, ‘आज हसायचं नाही हं.’ भाऊ म्हणाला, ‘मी श्वाससुद्धा घेत नाही,’ आणि खरोखरच मागच्या फळीशी जाऊन उभा राहिला.

तिने डोळे मिटले, खोक्यात हात घातला.

आजवर ताई तिच्या चेहऱ्याकडे बघायची. आज पहिल्यांदा तिने हाताकडे पाहिलं. हात एका पुडीवर थांबला. तर्जनी आणि मधलं बोट वर, अंगठा खाली. हलकंसं दाबलं, सोडलं. दुसरी. दाबलं, सोडलं. तिसरीवर बोटं जरा रेंगाळली, कडेकडेने फिरली, निघून गेली. घाई नव्हती, उगाच उलथापालथ नव्हती. तपासणीच्या टेबलावर नवी मुलगी बसवली, की तिचा हात असा चालायला दोन वर्षं जायची. आठवी, नववी, दहावी. मग बोटं कुठेशी खोलात गेली, अंगठा वळला, आणि तो काहीतरी खळग्यात बसल्यासारखा स्थिर झाला.

पुडी वर आली. बाईने डोळे उघडले, पुडी फोडली. काउंटरवर आधी उशी पडली, मग पट्ट्यांचा पायजमा.

‘झालं!’ बाई म्हणाली. तिचे खांदे खाली आले. ताईने ते खांदे पाहिले. वाईट बातमी ऐकलेल्या माणसाचे खांदे पडतात, तसे ते नव्हते. बस येऊन जागा मिळालेल्या माणसाचे होते.

‘दहावं. बघितलंत, ताई? नशिबाशी भांडून काय उपयोग!’

‘नशिबाला मध्ये आणू नकोस,’ ताई म्हणाली. ‘एकतीस पुड्या होत्या. त्यात अस्वल एकच होतं.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे मी काल बसून एकेक चाचपली. पाच अस्वलं काढून ठेवली. हा बघ ड्रॉवर. एक तेवढं टाकलं, मनाला बरं वाटावं म्हणून. तू ते हुडकून काढलंस.’

बाईचा चेहरा लाल झाला. ‘तुम्ही हात लावलात? मी सांगितलं होतं ना? आणि आधीचे नऊ आठवडे काय करत होतात?’

ताईने लपवलं नाही. ‘आधीचे नऊ आठवडे चांगली चांगली डॉक्टरांना दिली. तुला तळातली राहिली. तुझ्या नऊ अस्वलांत माझी किती आणि तुझी किती, ते मला सांगता यायचं नाही. ते माझं पाप. पण आजचं तुझं आहे, बाई.’

‘काहीतरीच! योगायोग असतो.’

‘शीर कशी शोधतेस तू? म्हातारी माणसं येतात, लठ्ठ येतात. दिसत नाही काही.’

‘दिसत नाहीच. दंडाला पट्टी आवळायची आणि...’ ती बोलता बोलता थांबली. ‘आणि चाचपायची. डोळे मिटून बरं लागतं.’

ताईने खोक्यातून एक पुडी काढून पुढे सरकवली. ‘सांग.’

‘मला काय कळणार? मी दुसरं कोणी पाहिलंच नाहीये कधी!’

‘म्हणून तर. काय नाही, ते सांग.’

बाईने पुडी बोटांत धरली. ‘अस्वल नाही.’ दुसरी. ‘अस्वल नाही.’ तिसरी. ‘हेही नाही. काहीतरी लांब आहे आत.’ ताईने खालच्या खाली ड्रॉवरमधली एक मध्येच सरकवली. बाईने ती हातात घेतली. अंगठा आपोआप वळला होता. तो तिने बराच वेळ तिथेच ठेवला.

भाऊ मागून पुढे आला होता. ‘अस्वल?’ त्याने कुजबुजत विचारलं. ताईने त्याला डोळ्यांनीच दटावलं.

बाई काउंटरजवळच्या स्टुलावर बसली. राग गेला होता. त्याच्या जागी काय आलं ते चेहऱ्यावर अजून ठरत होतं. ताईने विचारलं, ‘त्या नोकरीत काम काय आहे?’

‘मुख्य म्हणजे... केबिन. खाली आठ जण. ते रक्त काढणार, मी त्यांच्या नोंदी तपासणार. ड्यूट्या लावायच्या. मशीनवाल्यांशी बोलायचं.’

‘सुई?’

‘सुई नाही. मुख्य माणूस सुई धरत नाही.’

रस्त्यावरून कोणी शटर ओढल्याचा आवाज आला. मग बाई एकदम घाईने बोलू लागली, साठलेलं फुटल्यासारखी. ‘परवा एक आजी आल्या होत्या. तीन ठिकाणी टोचून परत पाठवलेल्या. दोन्ही हात काळेनिळे. मी मनगटापाशी पाच मिनिटं नुसती बोटं ठेवून बसले. मिळाली. एकदाच टोचलं. त्या म्हणाल्या, झालं सुद्धा? ताई, मला हेच आवडतं हो. पण हे सांगायचं कसं? बढती नको म्हणणारीला लोक काय म्हणतात? घाबरली म्हणतात. आणि मलाही खात्री नाही. घाबरले असेन तर?’

ताईला कोणी केबिन देऊ केली नव्हती कधी. तिचं टेबलच कोणीतरी उचलून नेलं होतं. आज विचारलं असतं तर तिने टेबलच मागितलं असतं, हे तिला ठाऊक होतं. पण स्वतःचं दुखणं दुसऱ्याला औषध म्हणून द्यायला ती इतकी भोळी नव्हती.

‘घाबरलीस की आवडतं, ते मला पुडीवरून कळायचं नाही,’ ती म्हणाली. ‘तुझं बोट खोटं बोलत नाही, एवढं सांगते. पुढचं तोंडाने बोल. अस्वलाला पुढे करू नकोस.’

भावाला राहवलं नाही. ‘मॅडम, मी सांगू? माझं ऐकाल तर जा. केबिन म्हणजे केबिन. पंखा डोक्यावर.’

‘आला हा शहाणा,’ ताई म्हणाली. ‘इतके दिवस अडवणारं कोणी नाही म्हणत होती, आता ढकलणाराही मिळाला.’

बाई हसली. या वेळच्या हसण्याला ताईला नाव ठेवता आलं नाही. तिने पर्समधून पत्र काढलं, त्यावरचा नंबर फिरवला. शनिवार असूनही तिकडे कोणीतरी उचललं. तिचा फोन जुना होता. पलीकडचा माणूस काउंटरपर्यंत ऐकू येत होता.

‘हो, मीच. नेमणुकीबद्दल. मी येत नाहीये.’

‘येत नाहीये? बाई, या जागेसाठी लोक रांगेत आहेत.’

‘मग बरंच झालं, रांग पुढे सरकेल.’

‘कारण काय लिहू? रकाना आहे इथे. प्रकृती, कौटुंबिक अडचण, पगार अपुरा...’

‘आहे ते काम आवडतं म्हणून.’

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. ‘तसा रकाना नाही.’

‘मग इतरमध्ये टाका.’

‘इतरमध्ये टाकलं, की वर विचारतात, काय ते स्पष्ट लिहा म्हणून.’

‘लिहा की मग स्पष्ट. रक्त काढते आणि ते काढायला आवडतं. हवं तर मी सावकाश सांगते, तुम्ही उतरवून घ्या.’

तिने खरंच सावकाश सांगितलं, दोनदा, शब्दाशब्दाला थांबत. तो माणूस उतरवत होता आणि मध्येच ‘काढायला’चा काना कुठे, असं काहीसं विचारत होता. ताई बाईच्या हाताकडे बघत बसली होती. काळ्यानिळ्या मनगटावर पाच मिनिटं न हलणारा तो हात आता पत्राची एकच घडी घालत-मोडत होता. पण आवाज मात्र शेवटच्या शब्दापर्यंत तसाच राहिला.

फोन ठेवल्यावर बाईने पाणी मागितलं. भाऊ आणायला आत गेला. ‘चुकलं असेल तर?’ तिने हळूच विचारलं.

‘असेलही,’ ताई म्हणाली. ‘पण आता कोणी विचारलं, तर तुझं म्हणून सांगता येईल.’